वाळू, चुनखडी आणि वीस दिवस

१८७७ साली फ्रान्समध्ये थेओफील श्लोझिंग आणि आशिल म्युंट्झ या दोन रसायनशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काचेच्या नळीत भाजून घेतलेली वाळू आणि थोडा चुनखडीचा चुरा भरला आणि वरून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सांडपाण्यातल्या अमोनियाचे मातीत नायट्रेट होते हे तोवर ठाऊक होते. ते निव्वळ रासायनिक क्रियेने होते की कुणा सजीवाच्या हातून, हा वाद होता. पहिले वीसेक दिवस नळीत काहीच घडले नाही. वरून अमोनिया जाई आणि खालून तसाच बाहेर येई. मग खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले, वाढत गेले, आणि अखेर अमोनिया दिसेनासा झाला. काम रसायनाचेच असते तर ते पहिल्या दिवशीच सुरू व्हायला हवे होते. दोघांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा नायट्रेट बनणे थांबले. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावरही ते आपणहून सुरू झाले नाही. बागेतल्या मातीचे पाणी नळीत घातले, तेव्हा काही दिवसांनी पुन्हा सुरू झाले. वाळूच्या कणांवर काहीतरी जिवंत राहत होते. पुढे १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी ते जिवाणू वेगळे करून दाखवले.

घरच्या गच्चीवर किंवा अंगणात मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवण्याची जी पद्धत आज ॲक्वापोनिक्स या नावाने ओळखली जाते, तिचे सारे मर्म या नळीत आहे. टाकीत मासे, टाकीशेजारी किंवा टाकीवर खडीने भरलेला वाफा, वाफ्यात पालक, पुदिना, लेट्यूस, आणि पाणी वर चढवणारा एक छोटा पंप. माशांच्या टाकीतले पाणी खडीतून झिरपून परत टाकीत येते. श्लोझिंग-म्युंट्झच्या नळीत आणि या मांडणीत फरक एवढाच, की इथे खालून बाहेर पडणारे पाणी पुन्हा वर जाते आणि त्यात जिवंत मासे श्वास घेत असतात. त्यामुळे ते वीस दिवस इथे कसोटीचे ठरतात. नवी मांडणी उभारणाऱ्यांपैकी अनेकांचे मासे याच काळात मरतात, आणि दोष मात्र बहुधा नळाच्या पाण्याला, विक्रेत्याला किंवा नशिबाला दिला जातो.

या प्रस्तावनेत एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. नव्या मांडणीत पाण्याची गुणवत्ता आपण पाण्यासोबत आणत नाही. ती खडीवर वाढणाऱ्या जिवाणूंच्या कामातून रोज तयार होते. म्हणून पहिल्या दीड महिन्यात पाणी सांभाळणे म्हणजे मुख्यतः खाद्याचा चमचा त्या जिवाणूंच्या वाढीच्या पुढे जाऊ न देणे. चाचणीचा संच, चुनखडी, हवा, मीठ ही सारी साधने त्या एका कामासाठी आहेत. पुढच्या प्रकरणांतली कोष्टके हे नाते लक्षात ठेवून वाचली तरच उपयोगी पडतील.

हे नाते आकड्यांत मांडता येते, आणि ते मांडणे अवघड नाही. माशांच्या खाद्यातले प्रथिन पचले की त्यातल्या नत्राचा मोठा हिस्सा अमोनियाच्या रूपाने, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यात येतो. साधारण ३२ टक्के प्रथिनांच्या एक किलो खाद्यामागे सुमारे ३० ग्रॅम अमोनिया-नत्र तयार होते, असा मत्स्यशेतीतला रूढ हिशेब आहे. पाचशे लिटरच्या टाकीत रोज २० ग्रॅम, म्हणजे जेमतेम चार-पाच लहान चमचे खाद्य टाकले, तर रोज ०.६ ग्रॅम नत्र पाण्यात उतरते, लिटरमागे १.२ मिलिग्रॅम. जिवाणू नसलेल्या टाकीत ते कुठे जात नाही. चार दिवसांत आकडा पाचच्या घरात पोहोचतो, आणि पाणी मात्र तेव्हाही काचेसारखे नितळ दिसत असते. नितळपणाने इतके फसवले जाण्याची दुसरी जागा घरात क्वचितच असेल.

या अमोनियाचे विष किती, हे सामूवर म्हणजे पीएचवर ठरते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम हे त्यातले तुलनेने निरुपद्रवी रूप, आणि मुक्त अमोनिया हे कल्ले जाळणारे. पाण्याचे तापमान २५ अंश असताना सामू ७ असेल तर मुक्त अमोनियाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. सामू ८ झाला की ते पाच टक्क्यांवर जाते आणि ९ झाला की एकूण अमोनियाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापली की हे प्रमाण आणखी चढते. चाचणीच्या संचातला आकडा बहुतेक वेळा दोन्ही रूपांची बेरीज असतो. त्यामुळे अमोनिया २ आला असे कुणी सांगितले तर सामू किती आणि पाणी किती तापले आहे, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

अमोनिया संपला म्हणजे संकट टळले, असेही नाही. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. दोन्ही टप्पे एकच जिवाणू पार पाडू शकतो हे २०१५ मध्ये कळले, आणि त्या वर्षीच्या दोन शोधनिबंधांपैकी एकातले जिवाणू कार्प मासे पाळण्याच्या फिरत्या पाण्याच्या गाळणीतच सापडले होते. घरच्या टाकीत मात्र व्यवहारात दोन लाटा दिसतात. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, आणि तो उतरत असतानाच नायट्राइट चढू लागते. हे जिवाणू मंदगती आहेत. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. या जिवाणूंना दुप्पट व्हायला अनेक तास, कित्येकदा दिवस लागतो. दुसऱ्या गटाला तर पहिल्याने अन्न तयार करून दिल्याशिवाय वाढताच येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये घरगुती ॲक्वापोनिक्सवर काढलेल्या पुस्तिकेत या दोन्ही लाटा ओसरायला २५ ते ४० दिवस दिले आहेत. थंडीत सुरुवात केली तर त्याहून जास्त धरावेत.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वाजवी वाटतो. मासे पाहून कळत नाही का? मासा निरोगी असेल तर खाईल, त्रासात असेल तर पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करेल. मग चाचणीचे थेंब मोजत बसायचे कशाला? अडचण अशी, की तोंड उघडझाप करणे हे एकाच दुखण्याचे लक्षण नाही. प्राणवायू कमी पडला तरी मासा वर येतो, आणि प्राणवायू भरपूर असताना नायट्राइट वाढले तरी येतो. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास निकामी करते. रक्त तपकिरी होते आणि भरल्या पाण्यात मासा गुदमरतो. पहिल्या स्थितीत हवा वाढवायची. दुसऱ्या स्थितीत हवेने भागत नाही. खाद्य थांबवायचे, काही पाणी बदलायचे आणि थोडे मीठ घालायचे, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. पाचशे लिटरला ५० ते १०० ग्रॅम साधे मीठ पुष्कळ होते. मात्र वाफ्यात स्ट्रॉबेरी किंवा घेवडा असेल तर हात आखडता घ्यावा, ही पिके खारेपणा सोसत नाहीत. लक्षण एक आणि उपाय दोन, असे असल्यावर मोजल्यावाचून निवड करायची तरी कशी? शिवाय लक्षण दिसते तेव्हा कल्ल्यांची इजा होऊन गेलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. भातखाचरात मासे धरणारे, विहिरीत मासे सोडणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या कोणतीही चाचणी न करता हेच करत आले. निसर्ग आपला तोल राखतो, मग आपण मधे मधे का करायचे? गोव्यातली खाजणे हे याचे उत्तम उदाहरण म्हणून पुढे करता येईल. खाडीकाठची ही जमीन बांध घालून राखली जाते, पावसाळ्यात तिथे खारे पाणी सोसणारे भात होते आणि त्याच पाण्यात मासळी आणि कोळंबीही मिळते. तिथे अमोनिया कुणी मोजत नाही हे खरे. पण खाजणाच्या बांधात ‘मानस’ असते, म्हणजे भरती-ओहोटीबरोबर उघडणारे-मिटणारे लाकडी दार. दिवसातून दोनदा समुद्र येऊन खाजणाचे पाणी हलवून जातो. पाण्याच्या प्रमाणात मासे विरळ, तळाशी शतकांचा जिवाणूंनी भरलेला गाळ, आणि खाद्य बाहेरून जवळजवळ नाहीच. गच्चीवरच्या टाकीत यातले काहीही नाही. तिथे हजार लिटरला दहा-वीस किलो मासे ठेवण्याची अपेक्षा असते, खाद्य पिशवीतून येते आणि समुद्र येत नाही. खाजण मोजमापाशिवाय चालते याचे कारण त्याच्या रचनेत आहे, आणि ती रचना करणाऱ्या गावकऱ्यांनी पाण्याची पातळी, बांधाची फट, दाराची वेळ या गोष्टी फार बारकाईने पाहिल्या होत्या. निसर्ग तोल राखतो, पण तो आपल्या घाईच्या वेळापत्रकाने राखत नाही, आणि अतिरेकी घनता त्याने निवडलेली नसते.

श्लोझिंग-म्युंट्झच्या नळीत वाळूबरोबर चुनखडी होती, हा तपशील सहज नजरेतून निसटतो. घरच्या मांडणीत सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. एक ग्रॅम अमोनिया-नत्रामागे सुमारे ७.१४ ग्रॅम चुनखडीइतकी अल्कता, म्हणजे पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद, खर्च होते. आपल्या २० ग्रॅम खाद्याच्या उदाहरणात हा खर्च रोज लिटरमागे साडेआठ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. वनस्पती नायट्रेट शोषताना खर्च झालेल्या अल्कतेचा काही भाग परत करतात, पण सुरुवातीला रोपे लहान असतात. पाण्यात अल्कता लिटरमागे ४० मिलिग्रॅम असेल तर ती आठवड्याच्या आत संपते. २५० असेल तर महिनाभर पुरते. जिवाणू जागे झाले की सामू घसरणार, आणि तो सहाच्या खाली गेला की जिवाणूंचे काम मंदावते, मग अमोनिया पुन्हा साठू लागतो. बेतात घसरणारा सामू हे खरे तर जिवाणू कामाला लागल्याचे लक्षण आहे. नवख्याला तो बिघाड वाटतो.

म्हणूनच एकाची पद्धत दुसऱ्याला लागू पडत नाही. पुण्या-मुंबईच्या नळाला धरणांतले आणि तलावांतले पाणी येते. त्यात क्षार कमी, त्यामुळे सामू घसरण्याचा धोका जास्त. कोकणात जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी मऊ आणि कित्येकदा किंचित आम्लधर्मी असते. तिथेही हीच काळजी. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते आणि त्यात सामू आठच्या वर अडून बसतो. तिथे जिवाणू खूश, पण रोपांना लोह मिळत नाही, नवी पाने पिवळी पडतात, आणि मुक्त अमोनियाचे प्रमाणही वाढलेले राहते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात तर विहिरीचे पाणी या कामाला घेऊच नये, तिथे पावसाचे साठवलेले पाणी बरे. आपल्या पाण्याची अल्कता एकदा तपासून घेणे हे टाकी विकत घेण्याच्याही आधीचे काम आहे.

मऊ पाण्यासाठी उपाय जुन्या नळीतलाच आहे. शिंपल्यांचा चुरा कापडी पिशवीत बांधून पाण्याच्या वाटेवर ठेवावा. कोकणात तिसऱ्यांची टरफले त्यासाठी आयती असतात. आम्ल होईल तितकीच ती विरघळतात, त्यामुळे अतिरेक होत नाही. विरी गेलेला चुना मात्र थेट टाकीत टाकू नये. त्याने सामू झटक्यात चढतो, आणि पाण्यात अमोनिया साठलेला असेल तर निरुपद्रवी अमोनियम एका दिवसात मुक्त अमोनिया होऊन बसते. सामू सुधारताना मासे मेल्याची बरीच प्रकरणे अशीच घडतात. जड पाण्यात याच्या उलट मोह होतो, लिंबू पिळण्याचा. सायट्रिक आम्ल जिवाणूंना मारक ठरते; ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांचाच त्याने नाश होतो. जड पाणी असेल तर पावसाचे पाणी मिसळावे आणि धीर धरावा, जिवाणू स्वतःच सामू खाली आणतात. खडी कोणती हेही पाहायला हवे. तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले आणि फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे, आणि जड पाण्यासाठी अशी खडी नको.

हवेबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण हिशेब बोलका आहे. एक ग्रॅम अमोनिया-नत्र बदलायला साडेचार ग्रॅमहून थोडा अधिक प्राणवायू लागतो. आपल्या टाकीतले जिवाणू रोज सुमारे पावणेतीन ग्रॅम मागतील. तीस अंश तापमानाला पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, म्हणजे पाचशे लिटरमध्ये एकूण पावणेचार ग्रॅमच. मासे त्याच साठ्यातून श्वास घेतात. साठा दिवसातून अनेकदा भरला जावा लागतो, म्हणून जिथे वीज जाते तिथे बॅटरीवरचा हवेचा पंप टाकीइतकाच आवश्यक आहे. पहाटे वीज गेली तर सकाळ होईपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो.

राहता राहिला घाईचा प्रश्न. सहा आठवडे थांबायला सांगणे कुणालाच आवडत नाही, आणि बाजारात त्यावर तोडगे आहेत. बाटलीतले जिवाणू हा त्यातला एक. त्यांना सरसकट नाकारणे योग्य नाही, कारण बी टाकल्याने काम लवकर सुरू होते हे बागेतल्या मातीच्या पाण्याने १८७७ मध्येच दाखवले. पण मत्स्यशेतीसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक प्रोबायोटिक बाटल्यांत बॅसिलस गटातले जिवाणू असतात. ते गाळ कुजवतात, अमोनियाचे नायट्रेट करत नाहीत. त्यापेक्षा कुणाच्या जुन्या, निरोगी मत्स्यपेटीच्या गाळणीतला स्पंज किंवा दोन-चार मूठ खडी अधिक भरवशाची, अर्थात तिथे रोग नाही याची खात्री करून. दुसरा तोडगा पाणी बदलण्याचा. अमोनिया चढला की अर्धे पाणी बदलणे हा संकटातला योग्य उपाय आहे, आणि त्याने जिवाणू वाहून जातात ही भीती चुकीची, कारण ते पाण्यात तरंगत नाहीत, खडीला चिकटून राहतात. मात्र नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यांना क्लोरोफॉर्मसारखेच थांबवू शकते. बदलायचे पाणी दिवसभर उघड्या पिंपात हवा सोडून ठेवावे, किंवा सोडियम थायोसल्फेट घालून मग वापरावे.

माझे स्वतःचे मत असे, की पहिला महिना माशांशिवाय काढावा. माशांच्या जागी अमोनियाचा पुरवठा नवसागराने करता येतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्याकडचा नको, रसायनांच्या दुकानातला शुद्ध घ्यावा. पाचशे लिटरमध्ये चार ग्रॅमच्या आत नवसागर घातला की नत्र लिटरमागे २ मिलिग्रॅम होते. ते शून्यावर आले की तितकेच पुन्हा घालायचे. यावर कुणी म्हणेल, रिकामी टाकी पाहत बसण्यात घरातल्या मुलांना काय रस? रस आणता येतो. रोज सकाळी चाचणीच्या नळीतला रंग पाहून वहीत आकडा लिहिणे हे मुलांच्या हातचे काम आहे, आणि पुदिन्याच्या काड्या पहिल्या आठवड्यातच लावता येतात. पुन्हा, बोटुकली, म्हणजे माशाचे बोटभर पिल्लू, हा आपल्या प्रयोगातला घटक नाही, तो जीव आहे. रासायनिक काम नवसागराने होत असताना त्याला विषात सोडण्याचे समर्थन मला सापडत नाही. ज्यांना माशांसहच सुरुवात करायची आहे त्यांनी पाचशे लिटरला मूठभर लहान मासे घ्यावेत आणि खाद्य रोज एक-दोन ग्रॅमच ठेवावे. अमोनिया किंवा नायट्राइट एकच्या वर दिसले की त्या दिवशी खाद्य शून्य. मासा दोन-चार दिवस उपाशी राहू शकतो.

टाकी तयार झाली हे ठरवायची खूण स्पष्ट आहे. संध्याकाळी लिटरमागे २ मिलिग्रॅम नत्र होईल इतका नवसागर घातला आणि दुसऱ्या संध्याकाळी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तर खडीवरचे जिवाणू रोज एक ग्रॅम नत्र पचवतात, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास खाद्याचा भार उचलतात. मग मासे आणावेत, पण खाद्य दहा ग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे, आणि प्रत्येक वाढीनंतर तिसऱ्या दिवशी नायट्राइट पाहावे. ते दिसले तर चमचा एक पायरी मागे.